पोरीसाठी राखलेले वीस गुण

गळिताच्या दिवसांत पारगावात दुपारभर काकवीचा जड, गोड वास तरंगायचा. त्या गुंगीत मी आणि चुलतभाऊ एका परदेशी खेळासाठी, ज्यात प्रत्येकाने एक कल्पित माणूस होऊन खेळायचं, कागदावर माणसं घडवायचो. नियमांची झेरॉक्स मी पुण्याच्या हॉस्टेलवरून आणली होती. माणसाची ताकद, अक्कल, चपळाई फासे टाकून ठरवायची, की मिळालेले साठ गुण मनाने वाटायचे, यावरून आमची रोज भांडणं.

एकदा साखर कारखान्यापुढच्या ऊसगाड्यांच्या रांगेतला एक गाडीवान शेजारी येऊन टेकला. मढ गावाकडचा होता. तळहातातली उसाची कुसं काढत तो आमचं भांडण ऐकत राहिला. मी त्यालाही तीन फासे दिले. पेरताना बी सोडावं तसे त्याने ते अलगद सोडले. ताकदीला सतरा पडले.

"पैलवान झाला की तुमचा!" भाऊ ओरडला.

"नगं राव. ताकद दिसली की मोळ्याच उचलाय लावत्यात."

मग तो गुण वाटायला बसला. ताकदीला फक्त तीन दिले. चाळीस वाटून झाल्यावर थांबला.

"अजून वीस उरलेत," मी म्हणालो.

"ते माज्या पोरीला ऱ्हाऊ द्या."

"तसं चालत नाही. सगळे स्वतःलाच घ्यायचे."

"मंग वाटायचं कशाला म्हंता, भाऊ?"

तेवढ्यात रांग सरकली. त्याची गाडी रुतली होती. ताकद तीनवाल्या त्या माणसाने चाकाला खांदा लावला आणि गाडी हलली.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. वीस गुण तसेच आहेत. पोरीचं नाव विचारायचं राहिलं.