नानांचा हात, अक्कांचा डबा

जळगावला आमचा सकाळच्या चहाचा कट्टा आहे. तिथे किस्से जमवावे लागत नाहीत, नाना आले की मागोमाग येतातच! नाना शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. वर्गात कुणी काही ठोकून दिलं की म्हणायचे, "सिद्ध कर!" तेच नाना एक शिबिर करून आले आणि तळहातातून ऊर्जा देऊ लागले.

* * *

मी म्हटलं, "नाना, सिद्ध करा!"

नाना लगेच तयार. यावलहून केळीच्या दोन फण्या मागवल्या. एकीवर रोज हात धरायचा, दुसरी तशीच ठेवायची. ऊर्जेची फणी ताजी राहणार, असं ठरलं. आठवडाभरात दोन्ही सारख्याच काळ्या पडल्या.

नाना डगमगले नाहीत. "एकाच टेबलावर ठेवल्या ना! ऊर्जा तिकडेही गेली."

"मग दोन्ही ताज्या राहायला हव्या होत्या की!" आमचे वसंतभाऊ म्हणाले.

नानांनी चहा मागवला.

* * *

नानांच्या धुळ्याच्या साडूंचा गुडघा दुखायचा. नाना रोज सकाळी जळगावहून ऊर्जा पाठवायचे. एक दिवस साडूंचा फोन आला, "आज तर फारच आराम पडला!"

फोन ठेवून नाना म्हणाले, "आज मी पाठवायचंच विसरलो होतो."

आम्ही पोट धरून हसलो. पण मला नाना आवडतात ते इथेच, खोटं त्यांना जमत नाही. साडूंना बरं वाटलं हेही खरंच होतं. कशाने वाटलं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

* * *

हसू थांबलं ते अक्कांच्या शुगरपाशी. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. नानांनी त्यांच्या गोळ्या बंद केल्या आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोक्यावर हात ठेवून बसू लागले. मला भीती वाटायची. पण रिपोर्ट चांगला आला! नाना तो खिशात घेऊन फिरू लागले.

एकदा नाना बाहेर गेलेले असताना मी अक्कांना खोदून विचारलं. त्यांनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा डबा उघडला. पिठात खुपसलेल्या पिशवीत गोळ्या!

"साखर गोळीनी उतरस, भाऊ. पन त्या आख्खा जलममा पयल्यांदा मनाजोडे बसतस. ते बंद करू का?"

नाना आख्ख्या जन्मात पहिल्यांदा अक्कांजवळ बसत होते. मीच डब्याचं झाकण लावून दिलं.

* * *

वसंतभाऊंनाही शुगर आहे. गेल्या महिन्यात नानांच्या ओट्यावर बसलो होतो. अक्कांचा रिपोर्ट पाहून वसंतभाऊ म्हणाले, "ठरलं! उद्यापासून माझ्याही गोळ्या बंद. नाना, ठेवा हात."

मी तोंड उघडणार, तोच अक्का चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये कपांच्या शेजारी पिठाने माखलेली ती पिशवी होती.

"वसंतभाऊले सांगा," त्या नानांना म्हणाल्या, "रिपोर्ट या गोळ्यासना शे."

नाना पिशवीकडे पाहत राहिले. वसंतभाऊंनी खाली मान घालून चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी नाना कट्ट्यावर आलेच नाहीत. मला राहवेना, घरी गेलो. नाना अक्कांच्या शेजारी बसले होते. एक हात त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

"गोळी घेतली?" नानांनी विचारलं.

अक्का पाणी प्यायल्या. "लिधी. आते हात नका काढू."