मांडीवर घेतलेलं पोर

माझी आई बसमध्ये बसली की तिची मांडी सार्वजनिक होते. उभ्या बाईच्या कडेवर मूल दिसलं रे दिसलं, की ती हात पुढे करते, "दे की इकडं." आमच्याकडे एसटीत हे सगळेच करतात. उभ्या बाईला एक हात दांडीला हवा असतो, बसलेलीचे दोन्ही मोकळे असतात. पोर या मांडीवरून त्या मांडीवर जातं आणि उतरायच्या वेळी ज्याचं त्याला परत मिळतं. लहानपणी मीही अशीच फिरलेली आहे.

इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आमच्याकडे राहायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने इथल्या बसमध्ये एका गोऱ्या मुलीपुढे हात पसरले. त्या मुलीने बाळ छातीशी घट्ट धरलं आणि पुढच्याच स्टॉपला ती उतरून गेली. माझी बारा वर्षांची लेक सीटमध्ये बुडाली.

"आजी, यू कान्ट जस्ट टेक पीपल्स बेबीज!"

"घिऊन कुठं पळणार व्हते मी? या गुडघ्यांनी?"

त्यानंतर आम्ही तिला गाडीनेच फिरवलं.

ईस्टरच्या सुट्टीत मध्य अमेरिकेला जायचं ठरलं ते लेकीमुळे. तिचं शाळेत स्पॅनिश चालू होतं. आधी कोस्टा रिका, मग सीमा ओलांडून पनामा. दादाकडे जाऊन आल्यामुळे आईच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, त्याच्या जोरावर तिलाही घेतलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ती मला कुणी उचलून चढवलेली नाही, त्यामुळे घरातले व्हिसे, तिकिटं, बुकिंगं सगळं मीच करते, आणि नीट करते. सीमेपर्यंत साध्या बसने जायचं हेही मीच ठरवलं. नवरा टॅक्सी म्हणत होता. मी म्हटलं, आम्ही बसमध्ये वाढलेली माणसं आहोत.

बस पहिल्या तासात रिकामी होती. मग केळीच्या बागा सुरू झाल्या आणि स्टॉपमागून स्टॉप माणसं चढत राहिली. बागांत कामाला आलेली आणि सणाला पलीकडे आपापल्या गावी निघालेली. त्यांच्यातल्या बायकांचे झगे घोट्यापर्यंत, भडक निळे-लाल, आणि गळ्याला-घेराला रंगीत त्रिकोणांची पट्टी शिवलेली. आई त्या शिवणीकडे टक लावून बघत होती. "हातानं केलंय बघ," मला म्हणाली. मी तिच्या मागच्या सीटवर होते, लेक तिच्या शेजारी, नवरा बॅगा धरून उभा.

अशीच एक बाई आईजवळ येऊन उभी राहिली. खांद्याला गाठोडं, कडेवर तान्हं. बस वळली, बाई हेलपाटली आणि आईचे हात आपोआप पुढे गेले.

"दे गं, दे इकडं."

मराठीतच. लेकीने डोळे मिटून घेतले. पण त्या बाईने आईकडे एकदा पाहिलं आणि पोर देऊन टाकलं. मुलगी होती, आठ-नऊ महिन्यांची, कानात बारीक मणी. आईने तिचं डोकं दंडावर घेतलं, मागे वळून माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. लेक म्हणाली, "ओके, फाइन."

पोर झोपलं. पुढे गर्दी इतकी वाढली की ती बाई ढकलली जात दाराकडे गेली. अधूनमधून माणसांच्या फटीतून मान उंच करून बघायची, आई तिला हाताने खूण करायची, आहे, आहे. मला फार बरं वाटत होतं. खिडकीतून केळी, केळी आणि केळी. मग माझ्या लक्षात आलं की आईने खूण करणं बंद केलंय. ती पोरीकडे वाकून बघत होती. फक्त तिच्याकडेच.

सीमेवर बस थांबली. पुढे नदी, नदीवर पूल, पुलाच्या अलीकडे शिक्का मारून घ्यायचं ऑफिस. पूल चालत ओलांडायचा आणि पलीकडून दुसरी बस. ती बाई आधी उतरली होती. दाराशीच हात पुढे करून उभी होती, हसत. आई पोर घेऊन उतरली आणि तिने ते दिलं नाही.

"उठू दे," ती म्हणाली. "उठली की देती."

मला वाटलं लाडाने म्हणतेय. बाईलाही तसंच वाटलं असावं, ती अजून हसत होती. तिने पोरीच्या काखेत हात घातले. आईने अंग वळवलं, पोर दुसऱ्या खांद्याकडे नेलं. बाईचं हसू गेलं.

"आई, दे ना तिची तिला."

"उठू दे म्हणलं ना."

बाई बोलायला लागली, आधी हळू, मग मोठ्याने. माणसं थांबली. लेक रडवेली झाली, "शी इज सेइंग गिव्ह! आजी, तो बेबी आपला नाहीये!" नवरा बॅगा टाकून आला, "आई, द्या हो, पोलीस येतोय." खरंच एक पोलीस रांगेकडून निघाला होता. मी आईचं मनगट धरलं. साठी उलटलेल्या बाईचं मनगट, पण सुटेना. तिचा चेहरा पांढरा पडलेला, कान पोरीच्या तोंडाशी.

"आई, पोर झोपलंय."

"असंच वाटतं," ती म्हणाली.

पोलिसाने काहीतरी विचारलं. कुणाचं मूल, एवढं मलाही समजलं. लेकीने ताठ उभं राहून त्या बाईकडे बोट दाखवलं आणि तिच्या शाळेच्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, हिचं आहे, आमचं नाही. पोलिसाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात त्या बाईने पुढे होऊन, कुणाकडे न बघता, दोन बोटांनी आपल्या पोरीचं नाक चिमटीत धरलं.

एक क्षण काहीच झालं नाही. तो क्षण मला अजून पुरा ओलांडता आलेला नाही.

मग पोरीचं तोंड उघडलं, ती ठसकली आणि अख्ख्या सीमेला ऐकू जाईल असं भोकांड पसरलं. माणसं हसली. आईचे हात तिथल्या तिथे सैल पडले. बाईने पोर ओढून घेतलं आणि आईला तोंडावर चार गोष्टी सुनावल्या. लेक म्हणाली, हे स्पॅनिश नाहीये, हिची दुसरी कुठली भाषा आहे.

"शिव्याच असतील," आई म्हणाली. "मीबी दिल्या असत्या."

शिक्के मारून आम्ही पुलावर आलो. नवरा आणि लेक पुढे गेले. आई माझ्याबरोबर हळूहळू चालत होती, डावा हात अजून वाकलेला, दंडावर डोकं असल्यासारखा. माझ्याआधी एक बहीण झाली होती आणि गेली, एवढंच मला ठाऊक होतं. कुणी कधी जास्त बोललं नाही आणि मी कधी विचारलं नाही. त्या पुलावर आईने सांगितलं.

"जुलाब लागलं व्हतं. तालुक्याला दवाखान्यात निघालो व्हतो. गाडी भरल्याली, तुझा बाप दारात लोंबकळत. मी उभी. एक बाई म्हणली, दे इकडं. दिली मी. तिच्या मांडीवर झोपली. स्टँड येईस्तवर झोपली."

मी थांबले. ती थांबली नाही.

"मला वाटलं, बरं झालं, डोळा लागला पोरीचा. खाली उतरून घेतली तवा कळलं."

पुलाखालून गढूळ पाणी चाललं होतं. पलीकडे पाटीवर दुसऱ्या देशाचं नाव होतं. माझ्या हातात चौघांचे पासपोर्ट होते, ते मी पुन्हा एकदा मोजले.

पनामात आई रोजच्यासारखी वागली. लेकीशी पत्ते खेळली, भात कच्चा आहे म्हणून कुरकुरली. बसमध्ये मात्र हात पदराखाली ठेवून बसायची. शेजारी मूल रडलं तरी बाहेर काढायची नाही.

ती परत गावी जायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. शेजारच्यांचा ट्रॅम्पोलीन करकरत होता. चिमटे हातात धरून ती म्हणाली, "तू शिकलीयास. मला सांग, त्या बाईला कधी कळलं असंल?"

कुठली बाई, हे मला विचारावं लागलं नाही.

"तुला कळलं तेव्हाच कळलं असेल," मी म्हटलं. "उतरताना."

आईने टॉवेल झटकला, तारेवर टाकला, दोन्ही टोकं सारखी केली.

"न्हाई. वाटंतच कळलं व्हतं तिला. मी वाकून बघितलं, तर तिनं पोरीच्या तोंडावर पदर घातल्याला. मला म्हणली, ऊन लागतंय तिला, तू दांडी धर नीट, पडशील."

मग दुसरा टॉवेल उचलून म्हणाली, "ऊन नव्हतं गं त्या बाजूला."