नेऱ्याच्या रानातल्या पायवाटेला गेट

पनवेलकरांनो, नेऱ्याजवळच्या रानातली ती सावलीची पायवाट आठवतेय? आज सकाळी नवऱ्याबरोबर गेले, तर तिच्यावर तारेचं कुंपण आणि लोखंडी गेट.

गेटपाशी गावातल्या एक काकी उभ्या होत्या. पलीकडच्या वाडीत लेकीकडे निघाल्या होत्या. वॉचमन त्यांना रस्त्याने जा म्हणत होता.

"आमी जल्मापासून इथनंच जातो," काकी म्हणाल्या. "रस्त्यानं लय लांब परतं."

तेवढ्यात आतून जागेचे नवे मालक आले. आमच्याच रविवारच्या भटकंती ग्रुपमधले! मला बघून खूश झाले. "अरे, या ना! तुम्ही आपलीच माणसं. चहा घेऊन जा."

"आणि या काकी?"

"त्यांना सोडलं तर उद्या अख्खं गाव येईल हो," ते हसत म्हणाले.

आम्ही आत गेलो नाही. काकींबरोबर उन्हातून डांबरी रस्त्याने चालत निघालो. चालता चालता त्या म्हणाल्या, "तो मालक पयल्यांदा तुमच्यासंगतीच आलता ना, रान बगायला?"

"हो, मीच त्यांना आणलं होतं," मी म्हणाले.

खरं सांगा, आता एखादं सुंदर रान सापडलं, तर तुम्ही ते कुणाला दाखवाल?