टांगेवाल्याला लागलेली कात्री

मुलांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, अख्खा सिनेमा पाहिला, पण आजोबा कुठे होते?" म्हणून आजच लिहायला बसले. ते त्यात होते. जाहिरातींना जागा हवी म्हणून वाहिनीने त्यांचा टांगेवाला कापून टाकला. नायकाची सगळी गाणी मात्र शाबूत आहेत. शेजारच्या मालूताई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, गोष्ट तर समजते!" मला त्यांचाही राग आला.

घोडा विकताना तो टांगेवाला क्षणभर त्याच्या मानेवर कपाळ टेकतो. तेवढ्यासाठी तुमचे आजोबा कितीतरी दिवस तबेल्यात जाऊन बसले होते. दुसऱ्या एका सिनेमात ते सावकार झाले, तेव्हा भाजीवालीने मला सुनावलं होतं, "त्या मेल्याच्या बायकोला मेथी नाही!" घरी येऊन सांगितलं, तर स्वारी खूश! अशा माणसाला कापायचं आणि वर म्हणायचं, गोष्ट समजते? गोष्ट चार ओळींत सांगता येते. माणूस दाखवावा लागतो.

आता त्या सिनेमात त्यांचा फक्त आवाज उरला आहे. नायिका दार उघडण्याआधी बाहेरून कोणीतरी म्हणतं, "वहिनी, टांगा आणलाय." ते तुमचे आजोबा.