बाटल्यांचे चांदीचे बिल्ले

दादाने दारू सोडली, तेव्हा वहिनीने सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. त्यांच्या गळ्यात साखळीने अडकवायचे, ‘शेरी’, ‘पोर्ट’ अशी नावं कोरलेले जुने चांदीचे बिल्ले मात्र त्याने ठेवून घेतले. हौसेने जमवलेले होते.

परवा मी गेले, तर तो तेच पुसत बसला होता. वहिनीने त्याच्या शेजारचा ग्लास उचलून हुंगला.

“पाणीच आहे गं.”

“माहितीये,” म्हणत ती खुर्चीत टेकली.

बाटलीत काय आहे, हे एक बिल्ला कायमचं सांगतो. माणसाची खात्री रोज नव्याने करून घ्यावी लागते.

“दमलीस ना, वहिनी?” मी विचारलं.

तिने ग्लास परत त्याच्या शेजारी ठेवला. दादा खाली बघतच म्हणाला, “तरी हुंगत जा गं. मला आधार वाटतो.”