चूक मोल्डची नव्हती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय—तेही मला नीट कळत नाही.

नववीत शाळा सोडून उदगीरहून बंगळुरूजवळ होसकोट्याला आलो, तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. प्लास्टिकच्या कारखान्यातले बसवराज अण्णा बेळगावकडचे, मोल्ड म्हणजे पार्टचे साचे बनवणारे. घरी मराठी बोलायचे, म्हणून मला जवळ केलं; तम्मा म्हणायचे, कानडीत धाकटा भाऊ. दोन महिने त्यांच्याकडे जेवलो. मालकांकडे माझ्यासाठी शब्द टाकला तोही त्यांनीच. आज मी नव्या मशिनी बसवून चालू करून देतो, ते त्यांच्यामुळे. हे आधी सांगून ठेवतो—पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, हा विसरला.

मग आमच्याकडे पहिली ऑल-इलेक्ट्रिक मशीन आली. जुन्या मशिनी तेलाच्या दाबावर चालायच्या, काय बिघडलंय ते आवाजावरून कळायचं. हिला तेलच नाही, सगळ्या मोटारी. प्लास्टिक ढकलणाऱ्या स्क्रूच्या मागे दाब मोजणारा सेन्सर असतो. सुरुवातीला त्याचा झिरो घ्यायचा—स्क्रू मोकळा असताना. मी घेतला तेव्हा पुढे प्लास्टिक दाटलेलं होतं. म्हणजे दाब असताना मी मशीनला सांगितलं, दाब नाही. मग ती पडद्यावर दाखवायची त्याहून जास्तच जोर लावत राहिली.

तेव्हा हे मला ठाऊक होतं का? इथेच माझा घोळ होतो. कधी वाटतं, नव्हतं. कधी वाटतं, बटण दाबताना बोट जरासं थांबलं होतं—की ते मी नंतर मनाने जोडलंय?

त्या जोराने प्लास्टिक मोल्डच्या सांध्यातून बाहेर येऊन पार्टच्या कडेला कागदासारखी पातळ पट्टी येऊ लागली. मोल्ड अण्णांचा. त्याचे दोन हाफ घट्ट बसत नसले तरी अशीच पट्टी येते. मालक शेजारी उभे. अण्णा म्हणाले, "तम्मा, मशीन स्वल्प बघून घे. मग मोल्ड उतरवतो." मी पडदा बघितला—आकडे बरोबर दिसत होते—आणि म्हणालो, "मशीन ओके आहे, अण्णा."

मोल्ड उतरला. आठवडाभर अण्णा निळा रंग लावून दोन्ही हाफ कुठे टेकतात ते बघत, घासत बसले. त्याच आठवड्यात मशीनचं इंग्रजी पुस्तक अक्षर लावत वाचताना मला झिरोचं पान सापडलं. तेव्हा मात्र कळलं—यात घोळ नाही. स्क्रू मोकळा केला, परत झिरो घेतला, आणि कुणाला बोललो नाही. नोकरी जाईल म्हणून? की अण्णांपुढे उभं राहवणार नाही म्हणून?

मोल्ड चढला. पार्ट स्वच्छ आला. अण्णा जवळ येऊन म्हणाले, "तुझा वेळ घालवला रे. वय झालं, डोळा चुकला माझा."

मी हसलो. काय म्हणून हसलो?

त्यानंतर मालकांनी नवे मोल्ड बाहेर करायला दिले, अण्णांकडे दुरुस्ती तेवढी राहिली. तेही एक वेळ चाललं असतं. पण त्यांचाच स्वतःच्या डोळ्यावर भरवसा उरला नाही. आता काम झालं की दोन्ही हाफ मिटवून मला हाक मारतात. "तम्मा, तू एकदा बघ."

मी वाकून बघतो. फट नसते. त्याही वेळी नव्हती. "सरी आहे, अण्णा, बरोबर बसलंय," म्हणतो. त्यांचा चेहरा सैल होतो, आणि मी माझ्या मशीनकडे निघून येतो.