शटल विकून आणलेले सेल

माझी शाळेपासूनची मैत्रीण भिवंडीजवळच्या शेलार गावात कर्णबधिर मुलांचा वर्ग चालवायची. एकच खोली, वर पत्रा, आणि भिंतीला भिंत लावून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. बाहेरून येणाऱ्याला तिथे पाच मिनिटं बसवत नसे, इतका खडखडाट. म्हणूनच खोली स्वस्तात मिळाली होती. "माझ्या पोरांना काय फरक पडतोय," असं ती तेव्हा म्हणाली होती.

मुलांना सरकारी योजनेतून ऐकण्याची यंत्रं मिळाली होती. छातीवर डबी आणि तिच्यातून कानात जाणारी वायर. यंत्र फुकट होतं, पण त्यातले पेन्सिल सेल फुकट नव्हते, आणि ते भराभर संपायचे. आईबाप लूमवर नाहीतर गोदामात हमालीला. एकदा सेल संपला की यंत्र घरी खुंटीला लटकायचं.

मी तेव्हा अंजूरफाट्याजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला होते. ऑफिसात इंटरनेट होतं आणि दुपारी शेठ जेवायला घरी जायचे. इंटरनेटवर वस्तूंचे लिलाव चालतात, कुणीही काहीही विकू शकतं, हे मला नुकतंच कळलं होतं, आणि त्याचं मला फार कुतूहल वाटत होतं. मुलांच्या आया यंत्राची डबी ठेवायला कापडी पिशव्या शिवायच्या. मी मैत्रिणीला म्हटलं, "तशाच जरा मोठ्या पिशव्या शिवून घे. मी विकते. त्यातून सेल आणू."

"कोण घेणार गं?"

"तेच तर बघायचंय."

कारखान्यातून चिंध्या मिळाल्या, आयांनी सुंदर पिशव्या शिवल्या. चुलतभावाचा डिजिटल कॅमेरा आणून मी कारखान्याच्या ओट्यावर फोटो काढले. वाऱ्याने पिशव्या उडत होत्या म्हणून तिथेच पडलेलं एक जुनं शटल त्यांच्यावर ठेवलं. शटल म्हणजे लूमवर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी धोटा. होडीसारखा, दोन्ही टोकांना धातूची नोक. लिलावाच्या वेबसाइटवर फोटो टाकून खाली मी मोठ्या हौसेने लिहिलं की, सगळे पैसे कर्णबधिर मुलांच्या सेलसाठी जातील.

पिशव्या काही विकल्या गेल्या नाहीत. एकाने सर्वात वरची बोली लावली आणि नंतर एकाही मेलला उत्तर दिलं नाही. एका बाईंनी विचारलं, "मुलं खरंच आहेत का?" मी त्यांना वर्गाचा फोटो पाठवला. त्यावर त्यांनी लिहिलं, फोटो कुणाचाही असू शकतो. मला राग आला, पण रिक्षात बसून विचार केला तेव्हा वाटलं, त्यांचंही बरोबरच आहे. त्यांनी मला कशावरून ओळखावं?

आणि मग कोइमतूरहून एक प्रश्न आला. पिशवीवर ठेवलेली वस्तू विकायची आहे का?

मी कारखान्याच्या मालकांकडे गेले. ते मूळचे शेलारचेच, आधी भातशेती करणारे, मग लूम टाकलेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

"काका, जुन्या शटलांचं तुम्ही काय करता?"

"काय करनार? बंबात घालतो. पानी लवकर तापतं."

"मला द्याल? लोक विकत मागतायत."

"त्यांच्याकडं लाकडं न्हाय काय?" त्यांनी विचारलं, आणि गोणीत हात घालून चांगली गुळगुळीत झालेली शटलं निवडून दिली.

शटलं विकली जाऊ लागली. पण विकणं सोपं नव्हतं. कुरियरवाला एक दिवस पाकीट चाचपून म्हणाला, "मॅडम, इसमें नोक है. ये नहीं जाएगा." त्याला उघडून दाखवलं, तर म्हणाला, "शटल है, वो तो मैं भी जानता हूँ. मैं भिवंडी का हूँ. मगर आगे वाले को कौन समझाएगा?" मग सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून आम्ही दोन्ही टोकांना बसवायला लागलो. दिब्रूगडला पाठवायचा खर्च शटलच्या किमतीहून जास्त आला. एका गिऱ्हाइकाने वस्तू परत केली आणि सगळ्यांना दिसेल असा शेरा लिहिला : वस्तू वापरलेली आहे. मी त्याला समजावून लिहिलं की, ती वापरलेली आहे म्हणूनच इतकी गुळगुळीत आहे. शेरा तसाच राहिला.

नंतर वेबसाइटवाल्यांचा मेल आला. मदतकार्याचा उल्लेख करायचा तर संस्थेची नोंदणी दाखवा. आमची नोंदणी कुठली? ते वाक्य काढावं लागलं. आता कुणीच घेणार नाही असं मी धरून चालले होते. झालं उलटंच. वाक्य गेलं आणि शटलं पहिल्यापेक्षा भराभर जायला लागली.

मला ते लागलं. मैत्रिणीला सांगितलं तर ती हसली. "त्यांना शटल हवंय. आपली गोष्ट नकोय. दे की त्यांना शटल."

पण मला त्यांची गोष्ट हवी होती. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, तुम्ही याचं काय करणार? बरेच जण उत्तर द्यायचे नाहीत. एकाने त्यात पेनं ठेवली होती. एकीने दाराशी किल्ल्या अडकवायला लावलं होतं. कोइमतूरच्या माणसाने लिहिलं, "माहीत नाही. हातात धरायला बरं वाटतं." ते वाचून मी ऑफिसात टेबलावरचं एक शटल उचलून हातात धरून पाहिलं. खरंच बरं वाटलं.

पुरेसे पैसे जमले तेव्हा आम्ही सेलचं खोकं आणलं. मी मुद्दाम अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून वर्गात गेले. मैत्रिणीने एकेका मुलाचं यंत्र चालू केलं. पहिल्या मुलीने डोळे मोठे केले, भिंतीकडे पाहिलं आणि कानातून वायर उपटून काढली. दुसऱ्यानेही तेच केलं. एक लहानगी तर रडायलाच लागली. मग आमच्या लक्षात आलं. यंत्र चालू होताच पलीकडचे सगळे लूम त्यांच्या कानात शिरले होते. इतके महिने आम्ही खटपट करत होतो, पण हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मैत्रिणीने मात्र हार मानली नाही. लूमला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून तिने वर्गाची सुट्टी रविवारची ठेवून शुक्रवार ऐकण्याचा वार केला. त्या वर्षांत लोडशेडिंगही खूप होतं. वीज गेली की सगळं भिवंडी वैतागायचं, पण आमच्या वर्गात मुलं स्वतःहून यंत्रं कानाला लावायची. वीज आली की काढून ठेवायची. माझं नेमकं उलटं. वीज असेल तरच माझं इंटरनेट चालणार, म्हणजे मी विकायची तेव्हा मुलं ऐकू शकत नसत आणि मुलं ऐकायची तेव्हा मी हात बांधून बसलेली असायची.

अशा एका दुपारी वीज गेली म्हणून मी ऑफिसातून उठून वर्गात गेले होते. मैत्रीण मुलांना वर्तमानपत्र फाडून दाखवत होती. एका मुलीने तिच्या हातातून कागद घेतला, कानाशी नेला आणि हळूहळू फाडला. मग जोरात फाडला. मग तिने खुणेने विचारलं, कापड फाडलं तर? आम्ही चिंधी आणून दिली. मग पान, मग बिस्किट, मग पाण्यात हात. तिला एकेक वस्तू बोलते का ते बघायचं होतं. वीज येईपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

पुढे काकांनी लूम भंगारात काढले. जागेवर गोदाम बांधायचं ठरलं होतं. उरलेली सगळी शटलं त्यांनी गोणीत भरून माझ्याकडे पाठवली. मी ती एकगठ्ठा विकायला ठेवली आणि जयपूरच्या एका माणसाने घेतली. इतक्या शटलांचं करणार काय, असं मी त्याला दोनदा विचारलं. त्याने फक्त 'माल मिळाला' एवढंच कळवलं. माझं ऑनलाइन दुकान तिथे संपलं. विकायला काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही दमले होते. पुढचे सेल बाजारातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने द्यायचं कबूल केलं. त्याला ना फोटो लागला ना नोंदणी. तो एकदा येऊन वर्ग बघून गेला, एवढंच.

लूम गेल्यावर बांधकाम सुरू होईपर्यंत काही महिने ती खोली शांत होती. मग वर्गाला दुसरीकडे जावं लागलं. पण त्या महिन्यांत मी गेले की मुलांच्या कानात यंत्रं दिसायची, आणि रस्त्यावर एखादा ट्रक रिव्हर्स घेताना त्याची धून वाजली की माझ्याआधी मुलंच दाराकडे वळायची.